सामूहिक इमारतींसाठी सौरबंब : ऊन फुकट, व्यवस्था मात्र चोख हवी

नेरळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना अलीकडच्या काळात शेतघरे, रिसॉर्ट, बंगल्यांच्या वसाहती आणि बहुमजली गृहसंकुले उभी राहिली आहेत. कर्जत तालुक्याच्या याच भागात ठाकूर व कातकरी समाजाच्या वाड्या असून तेथील अनेक मुले आश्रमशाळांच्या वसतिगृहांत राहून शिकतात. सुटीसाठी येणारा पाहुणा आणि वसतिगृहातील विद्यार्थी यांच्या राहणीमानात मोठे अंतर असले, तरी थंडीच्या दिवसांत पहाटे दोघांनाही गरम पाणी लागते. ते विजेवर, गॅसवर किंवा लाकडावर तापवावे लागते. उन्हावर पाणी तापवणारा सौरबंब हा त्यावरील जुना व खात्रीचा पर्याय आहे. मात्र एका घरासाठी बसवलेला सौरबंब आणि अनेकांसाठी बसवलेली सामूहिक यंत्रणा यांत मोठा फरक असतो. सामूहिक यंत्रणा बंद पडते ती बहुधा उन्हाअभावी नव्हे. चुकीचे आकारमान, लांबलेले पाइप आणि देखभालीची न ठरलेली जबाबदारी ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

तत्त्व जुनेच

काचेच्या झाकणाखाली उष्णता कोंडून राहते, हे स्विस शास्त्रज्ञ होरास द सोस्यूर याने १७६७ मध्ये बंद पेटीच्या साहाय्याने दाखवून दिले होते. अमेरिकेत क्लॅरेन्स केम्प याने १८९१ मध्ये सौरबंबाचे पेटंट घेतले. त्याच्या बंबातील पाणी रात्री थंड होत असे. विल्यम बेली याने १९०९ मध्ये पाणी तापवणारा भाग आणि साठवणारी टाकी वेगळी केली व टाकीला उष्णतारोधक आवरण दिले. आजचे सौरबंबही मूलतः याच रचनेचे आहेत.

सध्या दोन प्रकार प्रचलित आहेत. सपाट संकलकात काळा लेप दिलेल्या तांब्याच्या पट्ट्या व नळ्या काचेखाली बसवलेल्या असतात. दुसऱ्या प्रकारात दुहेरी काचेच्या निर्वात नळ्या असतात. निर्वात नळ्यांचा संच स्वस्त पडतो आणि थंड हवेतही उष्णता राखतो; पण नळी फुटण्याची भीती असते. माकडांचा वावर असलेल्या डोंगराळ भागात हा मुद्दा किरकोळ नाही. सपाट संकलकाची कडक केलेली काच अधिक दणकट असते. मात्र क्षारयुक्त किंवा गढूळ पाण्याने त्याच्या बारीक नळ्या तुंबू शकतात.

लहान संचात तापलेले पाणी हलके होऊन आपोआप टाकीत चढते व थंड पाणी खाली येते. त्यासाठी पंप लागत नाही. दररोज साधारण दोन-तीन हजार लिटरपेक्षा अधिक पाणी लागत असेल, अथवा टाकी संकलकांच्या वर बसवणे शक्य नसेल, तर पंपाने पाणी फिरवावे लागते.

गरज किती, याचा हिशेब

सौरबंबातील पाणी साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापते असे धरू. स्नानाला इतके गरम पाणी लागत नाही. ६० अंशांच्या ९ लिटर पाण्यात २२ अंशांचे ११ लिटर पाणी मिसळले, की सुमारे ३९ अंशांचे २० लिटर, म्हणजे एक मोठी बादली पाणी मिळते. या हिशेबाने २०० विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला रोज १,८०० लिटर आणि घट धरून २,००० लिटर गरम पाणी पुरते. प्रत्येकी १०० लिटर धरल्यास २० सदनिकांच्या इमारतीची गरजही तेवढीच येते.

साधारणपणे १०० लिटरमागे दोन चौरस मीटर संकलक लागतो. म्हणजे २,००० लिटरसाठी ४० चौरस मीटर संकलक हवेत. ओळींमध्ये एकमेकींची सावली पडू नये म्हणून गच्चीची जागा त्याहून बरीच अधिक सोडावी लागते. संकलकांचे तोंड दक्षिणेकडे असावे. कळंब सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. गरम पाण्याची निकड हिवाळ्यात असल्याने संकलकांचा कल अक्षांशापेक्षा १० ते १५ अंशांनी अधिक, म्हणजे ३० अंशांच्या आसपास ठेवणे हिताचे ठरते.

शंभर लिटर पाणी २२ वरून ६० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे साडेचार युनिट ऊर्जा लागते. दोन हजार लिटरला ती रोज ८८ युनिट होते. हेच पाणी उघड्या चुलीवर तापवायचे झाल्यास, लाकडातील जेमतेम १५ टक्के उष्णता पाण्यापर्यंत पोहोचते असे धरून, दररोज सुमारे दीडशे किलो लाकूड जाळावे लागेल. लाकूड जवळच्या जंगलातून येते आणि धूर चूल पेटवणाऱ्याच्या छातीत जातो. सरपण व वीज दोन्ही परवडत नसेल, तर मुलांना थंड पाण्याने आंघोळ करावी लागते. वसतिगृहाच्या बाबतीत सौरबंब हा म्हणूनच चैनीचा विषय राहत नाही.

कोकणातील पावसाळा

शंभर लिटरचा संच वर्षाला १,५०० युनिटपर्यंत वीज वाचवतो, असा केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचा ठोकताळा आहे. तो बहुतांश वर्षभर ऊन असलेल्या प्रदेशाला लागू पडतो. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागात जून ते सप्टेंबर आकाश ढगाळ असते. हे चार महिने पूर्णपणे वगळले, तरी उरलेल्या सुमारे २४० दिवसांत १,००० ते १,१०० युनिटची बचत होते. पावसाळ्यातही मधल्या उघडिपीत पाणी कोमट होते आणि तेवढा विजेचा भार हलका होतो.

पर्यायी तापन यंत्रणा मात्र येथे अनिवार्य आहे. टाकीत थेट विजेचे हीटर बसवण्याची पद्धत सोपी आहे; परंतु ते दिवसभर चालू राहिले, तर सूर्याला काम उरत नाही आणि वीजबिल पूर्वीइतकेच येते. म्हणून हीटरला वेळनियंत्रक लावून तो पहाटेच्या एक-दोन तासांपुरताच चालू राहील अशी व्यवस्था करावी. मोठ्या हॉटेलांसाठी हवेतील उष्णता शोषून पाणी तापवणारा हीट पंप अधिक किफायतशीर ठरतो. साध्या हीटरच्या सुमारे एक-तृतीयांश विजेत तो तेच काम करतो.

शनिवार-रविवारची गर्दी

कळंब परिसरातील शेतघरे व रिसॉर्ट यांचा वापर प्रामुख्याने सुटीच्या दिवशी होतो. शहरातील हॉटेलाचे ठोकताळे येथे जसेच्या तसे लावले, तर पैसा वाया जातो. रविवारच्या गर्दीवरून संकलकांची संख्या ठरवली, की सोमवार ते शुक्रवार पाणी वापरले जात नाही. मग टाकीतील पाणी उकळीला येते, वाफ बाहेर पडत राहते, क्षारांचे थर झपाट्याने साचतात आणि रबरी जोड लवकर कडक होतात. संकलक तुलनेने कमी आणि उत्तम आवरणाची टाकी मोठी ठेवणे, म्हणजे दोन-तीन दिवसांचे ऊन साठवणे, हा त्यावरील सुज्ञ मार्ग आहे. वाफ बाहेर टाकणारी नळी अथवा दाबनियंत्रक झडप उघडी व कार्यक्षम आहे याची नियमित तपासणी व्हावी. रिकाम्या, तापलेल्या निर्वात नळ्यांत भर दुपारी थंड पाणी सोडल्यास त्या तडकतात. हे काम पहाटे किंवा सूर्यास्तानंतर करावे.

वादाचे मूळ पाइपमध्ये

गृहसंकुलात सौरबंबावरून होणारे वाद बहुधा पाइपपाशी सुरू होतात. वीस मिलिमीटर आतील व्यासाच्या पाइपमध्ये दर मीटरला सुमारे ३०० मिलिलिटर पाणी मावते. गच्चीपासून तळमजल्यापर्यंतचा पाइप ३० मीटर असेल, तर गरम पाणी येण्याआधी नऊ लिटरहून अधिक थंड पाणी वाहून जाते. वरच्या मजल्यावर तत्काळ गरम पाणी, खालच्या मजल्यावर अर्धी बादली वाया आणि देखभालखर्च मात्र सर्वांना सारखा, अशी तक्रार मग सर्वसाधारण सभेपुढे येते.

यावर तांत्रिक उपाय आहेत. गरम पाण्याच्या पाइपला उष्णतारोधक आवरण असावे. टाकीपर्यंत परत येणारी फेरवाहिनी टाकून छोट्या पंपाने सकाळच्या ठरावीक तासांत पाणी फिरते ठेवावे. इमारत मोठी असल्यास प्रत्येक विंगसाठी स्वतंत्र टाकी बसवावी. शक्य असल्यास प्रत्येक सदनिकेला गरम पाण्याचे स्वतंत्र मीटर द्यावे. ही कामे बांधकामाच्या वेळी सोपी असतात. नंतर भिंती फोडून करताना खर्च व कटुता दोन्ही वाढतात. पुण्यातील मगरपट्टा सिटीत बहुमजली इमारतींवर सौरबंब बसवताना त्यांचा विचार नियोजनातच झाला होता.

टाकीतील पाणी ६० अंशांच्या आसपास ठेवणे आरोग्याच्या दृष्टीने आवश्यक असते, कारण कोमट साठलेल्या पाण्यात लीजिओनेला जातीचे जंतू वाढू शकतात. परंतु ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजते. लहान मुले व वृद्ध जेथे राहतात, तेथे नळापूर्वी मिश्रण झडप बसवून तापमान मर्यादित करावे.

कायदा आणि अनुदान

ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने २००७ मध्ये, केंद्रीय गरम पाणी व्यवस्था असलेली हॉटेले व रुग्णालये यांनी किमान एक-पंचमांश क्षमता सौरऊर्जेवर ठेवावी, अशी तरतूद केली. राज्याच्या डिसेंबर २०२० मधील एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार चार हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील नव्या इमारतींना सौरबंब किंवा गच्चीवरील सौरवीज यांपैकी एक यंत्रणा बंधनकारक आहे. मात्र ही नियमावली सर्वत्र लागू नाही. माथेरानभोवती २००३ मध्ये अधिसूचित झालेल्या परिसंवेदनशील क्षेत्रात कर्जत व खालापूर तालुक्यांतील भाग येतात. आपल्या गट क्रमांकाला कोणते नियम लागू आहेत, याची खातरजमा नियोजन प्राधिकरणाकडे करून घ्यावी. सौरबंबांसाठीचे केंद्राचे भांडवली अनुदान २०१४ मध्ये बंद झाले. त्यामुळे विक्रेत्याने अनुदानाचे आमिष दाखवल्यास लेखी आधार मागावा.

सौरवीज की सौरबंब, हा प्रश्नही आता विचारला जातो. रोज साडेचार युनिट उष्णतेसाठी सौरबंबाला दोन चौरस मीटर संकलक पुरतो. तेवढीच वीज निर्माण करून साध्या गिझरने पाणी तापवायचे, तर सुमारे दहा चौरस मीटर गच्ची लागते. गच्ची अपुरी आणि गरम पाण्याची गरज रोजची असेल, तेथे सौरबंब सरस ठरतो. पाहुणे अधूनमधून येत असतील, तर सौरवीज व हीट पंप ही जोडी अधिक सोयीची, कारण न वापरलेली वीज अन्य कामी येते.

खरेदीपूर्वी व नंतर

बोअरवेलच्या पाण्याची कठिणता आधी तपासून घ्यावी. ती अधिक असल्यास उष्णता विनिमयक असलेला संच घ्यावा. पावसाळ्यात नदीचे पाणी वापरणाऱ्यांनी गाळणी बसवावी. दोन हजार लिटरच्या टाकीतील पाण्याचेच वजन दोन टन होते, म्हणून तिची जागा स्थापत्य अभियंत्याकडून निश्चित करून घ्यावी. कौलारू वा पत्र्याच्या इमारतीसाठी यंत्रणा जमिनीवर उभारणे इष्ट. संकलकांवर भारतीय मानक ब्युरोची खूण असावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे देखभाल. काचा पुसणे, गळती पाहणे, झडपा तपासणे, वर्षातून एकदा क्षार काढणे ही कामे कठीण नाहीत. पण ती कोणाची, हे लेखी ठरलेले असावे लागते. आश्रमशाळा किंवा सार्वजनिक संस्थेसाठी निविदा काढताना यंत्राच्या किमतीबरोबर पाच वर्षांच्या देखभालीचा करार आणि सुट्या भागांची तरतूद समाविष्ट करावी. गृहनिर्माण संस्थेने त्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम राखावी. दोनशे रुपयांच्या वॉशरअभावी लाखो रुपयांची यंत्रणा गच्चीवर पडून राहिली, तर खालच्या अंगणात चूल पुन्हा पेटते.