औपचारिक भार

सेंद्रिय रेणूच्या संरचनासूत्रात कोणत्या अणूवर धन किंवा ऋण विद्युत भार आहे, हे ठरवण्याची हिशेबपद्धती. अणूच्या संयुजा इलेक्ट्रॉनांतून त्याच्यावरील एकाकी इलेक्ट्रॉन व बंधांची संख्या वजा केली की भार मिळतो. दुहेरी बंध दोन, तर तिहेरी बंध तीन मोजतात. सूत्रात न दाखवलेले हायड्रोजनही हिशेबात धरावे लागतात.

भाररहित अवस्थेत कार्बनचे चार, नायट्रोजनचे तीन व ऑक्सिजनचे दोन बंध असतात. चार बंधांचा नायट्रोजन किंवा तीन बंधांचा ऑक्सिजन धनभारित, तर एकच बंध व तीन एकाकी जोड्या असलेला ऑक्सिजन ऋणभारित असतो. तीन बंधांच्या कार्बनवर एकाकी जोडी नसल्यास +१, असल्यास −१ भार येतो.

नाशिक जिल्ह्यातील विंचूर (ता. निफाड) परिसरातील पिकांत याची उदाहरणे आढळतात. काळ्या द्राक्षांतील माल्व्हिडिन या रंगद्रव्याच्या आम्लधर्मी माध्यमातील लाल रूपात वलयातील ऑक्सिजनला तीन बंध व एक एकाकी जोडी असते : ६ − (२ + ३) = +१. टार्टारिक आम्लाने प्रोटॉन गमावल्यावर ऑक्सिजनवर ६ − (६ + १) = −१ भार येतो; या आयनाचे पोटॅशियम लवण वाइनमध्ये स्फटिकरूपाने साचते. कांद्यातील आयसोॲलिइनमध्ये अमिनो गटाचा नायट्रोजन धनभारित, तर कार्बॉक्सिल गट ऋणभारित असतो. एकूण रेणू उदासीन राहतो.

औपचारिक भार हा हिशेबाचा संकेत आहे. प्रत्यक्षात भार अनेकदा संस्पंदनामुळे अनेक अणूंवर विभागलेला असतो.