वाडी उभारणारी माणसे

कारखाना निघाला की कुंभिवलीसारख्या गावात मालकाचे नाव विचारतात. आम्ही विचारतो, सोबतीला कोण होते? 1910 साली औंध संस्थानातल्या कुंडल स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्कर गेले, ते एकटे नव्हेत. वसाहत आखायला बंधू रामूअण्णा, हिशेबाला मंगेशराव रेगे, यंत्रांपासून औषधपाण्यापर्यंत शंभुराव जांभेकर. अनंतराव फळणीकर शाळा सोडलेले, पण यंत्रांत मोठे कल्पक. आम्हां शाळेबाहेर शिकलेल्यांना हे नाव जवळचे! राखणीला दरोड्याची शिक्षा भोगलेला तुकाराम रामोशी. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. त्यांच्यापुढे नांगर घेऊन जायचे होते; सोबतीला के. के. कुलकर्णीही होते. आणि बायकामुलांसह त्या माळावर राहायला आलेले 25 कामगार? संस्थापकांत आम्ही त्यांनाही धरतो.