बाळंतिणीचे दफ्तर

गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत पायांवर चढलेली सूज ही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिवस भरत आल्याची खूण मानली गेली, आणि त्या सुजेपाठोपाठ एखादीला आकडी आली, तर दोष बाहेरच्या बाधेच्या खात्यावर टाकून घरातील वडीलधारी मंडळी अंगारा शोधू लागत. सुश्रुताने मूढगर्भाच्या, म्हणजे अडलेल्या बाळंतपणाच्या, असाध्य लक्षणांत आक्षेपकाची, म्हणजे आकडीची, गणना करून अशा स्त्रीची चिकित्सा वैद्याने हाती घेऊ नये असे स्पष्ट सांगून ठेवले होते. त्या आकडीतून जी जगली, वाचली, तिचे पुढे वीस वर्षांनी काय झाले, हा प्रश्न मात्र ना वैद्याला पडला, ना सुइणीला. सव्वा महिना उलटला की बाळंतिणीचे दफ्तर बंद होई.

युरोपातही स्थिती फारशी निराळी नव्हती. 1843 साली लंडनच्या गायज रुग्णालयात जॉन लेव्हर याने आकडी आलेल्या गरोदर स्त्रियांच्या मूत्रात अल्ब्युमिन दाखवून दिले आणि सगळा गुन्हा मूत्रपिंडाच्या माथी आला. त्याच रुग्णालयात पुढे फ्रेडरिक अकबर महोमेद या तरुण वैद्याने, नाडीचे ठोके कागदावर उमटवणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने, मूत्रात अल्ब्युमिन उतरण्याच्या आधीच रक्ताचा दाब चढलेला असतो असे प्रतिपादन केले. हा महोमेद म्हणजे पाटण्याहून विलायतेस जाऊन ब्रायटनला स्नानगृह थाटणाऱ्या शेख दीन महोमेदाचा नातू. पस्तिशीतच तो विषमज्वराने गेला, नाहीतर या इतिहासाची काही पाने कदाचित आधीच लिहिली गेली असती. 1896 साली इटलीत रिव्हा-रोची याने दंडाला हवेची पट्टी बांधून पाऱ्याच्या नळीवर दाब मोजण्याची सोय केली, आणि पुढल्याच वर्षी पॅरिसमध्ये वाकेज व नोबेकूर यांनी आकडीच्या रोग्यांत तो दाब चढलेला असल्याची नोंद केली.

परंतु मोजणे वेगळे आणि मागोवा घेणे वेगळे. अमेरिकेतील जर्सी सिटी येथे, नगराध्यक्ष फ्रँक हेग याच्या मातोश्रींच्या नावाने 1931 साली उघडलेल्या प्रसूतिगृहात लिऑन चेस्ली नावाचा शरीरक्रियाशास्त्रज्ञ, जो स्वतः वैद्यकीचा पदवीधर नव्हता, त्याने एक विलक्षण चिकाटीचे काम आरंभिले. 1931 ते 1951 या काळात आकडी येऊनही वाचलेल्या 270 स्त्रियांचा त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकापर्यंत पाठपुरावा केला. स्त्रिया घरे बदलतात, शहरे सोडतात, विवाहाने आडनावेही बदलतात, तरीही त्यांपैकी एकीचाच काय तो ठावठिकाणा लागला नाही. आपल्या महसूल खात्याच्या कोणत्याही मुरब्बी कारकुनाने हेवा करावा असे हे दफ्तर! त्यातून निघालेला निष्कर्ष अनपेक्षित होता: पहिल्या खेपेला आकडी आलेल्या गोऱ्या स्त्रियांचे पुढील आयुष्य इतर स्त्रियांपेक्षा वेगळे नव्हते, पण पुढच्या एखाद्या खेपेस जिला आकडी आली, तिच्यात मृत्यूचे प्रमाण बरेच अधिक आढळले. यावरून चेस्लीने असे मानले की गर्भारपण उच्च रक्तदाब निर्माण करीत नाही, अनेकींच्या अंगी तो आधीपासूनच लपून असतो.

गर्भारपण रोग घडविते की उघड करते, हा वाद तेथे मिटला नाही. निरोगी गरोदर स्त्रीचा रक्तदाब मधल्या महिन्यांत खाली येतो आणि दिवस भरता भरता पूर्ववत होतो. रक्तवाहिन्यांची ती एक प्रकारची परीक्षाच होय. चेस्लीने आकडीच्या स्त्रियांची तुलना सरसकट स्त्रीवर्गाशी केली होती. ज्यांची गर्भारपणे निर्वेध गेली त्यांच्याशी तुलना होऊ लागली, तेव्हा अंतर ठळक झाले. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या, चौतीस लाखांहून अधिक स्त्रियांचा हिशेब मांडणाऱ्या एका संकलनात, गरोदरपणी दाब चढून मूत्रात प्रथिने गेलेल्या स्त्रियांना पुढे सरासरी चौदा वर्षांत कायमचा उच्च रक्तदाब जडण्याची जोखीम 3.7 पट आढळली आणि हृदयविकाराची दुपटीहून थोडी अधिक. 2011 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने गर्भारपणातील या इतिहासाला स्त्रियांच्या हृदयविकाराच्या जोखमींत रीतसर स्थान दिले.

आपल्याकडे गरोदर बाईला मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर प्रत्येक तपासणीचा रक्तदाब लिहिलेला असतो. मुलाच्या लसी पुऱ्या झाल्या की ते कार्ड ट्रंकेच्या तळाशी, रेशनकार्डाच्या जुन्या प्रतीखाली जाऊन बसते. आणि पन्नाशीतली बाई डोके दुखते म्हणून दवाखान्यात येते, तेव्हा मुले किती हे तिला विचारले जाते, पण त्या खेपेला दाब किती होता, हे क्वचितच.