पत्र आणि सहपत्र : एका विच्छेदाचा इतिहास

पत्राबरोबर पाठविलेला कागद हा पत्राचाच भाग मानावयाचा की स्वतंत्र कागद, हा प्रश्न वरकरणी कारकुनी स्वरूपाचा वाटतो. तथापि ज्यांना जुन्या कागदांच्या आधारे इतिहास लिहावयाचा आहे त्यांना तो टाळता येत नाही. अलीकडे या प्रश्नाला एक नवे रूप आले आहे. कार्यालयांचा बराचसा पत्रव्यवहार आता ई-मेलने चालतो, आणि आलेल्या ई-मेलमधील सहपत्रे (व्यवहारात ज्यांना ‘अटॅचमेंट’ म्हणतात ती) कोणी हात न लावता परस्पर एका सामायिक फोल्डरमध्ये साठविली जावीत, अशी योजना संगणकावर सहज करता येते. ही सोय लहान नाही. अनेकांना लागणारी विवरणपत्रे एकाच्याच टपालपेटीत अडकून पडत नाहीत, आणि तो रजेवर गेला तरी काम थांबत नाही. परंतु या सोयीत सहपत्र आपल्या पत्रापासून सुटे होते. या विच्छेदाचा पूर्वेतिहास पाहणे, आणि त्यामुळे पुढील संशोधकाच्या हाती काय उरेल याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठी दफ्तरांशी परिचय असलेल्यांना ही अडचण अपरिचित नाही. पेशवाईतील पत्रव्यवहारात मुख्य पत्राबरोबर ‘पुरवणी’ पाठविण्याची प्रथा होती. अशी पुरवणी मुख्य पत्राच्या आधाराने उभी असते. रुमालात ती एकटीच सापडली, तर ती कोणत्या पत्राची आणि कोणत्या प्रसंगीची, हे आतील उल्लेखांवरून अनुमानाने ठरवावे लागते. मुळात कित्येक पत्रांतच चंद्र आणि महिना देऊन वर्ष गाळलेले असते. मग पुरवणीची कथा काय? वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हापासून मराठी संशोधकांच्या श्रमांचा मोठा वाटा अशा कालनिर्णयात खर्ची पडला आहे. पुढे गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. त्यांची मांडणी मुख्यतः विषयवार आहे. अभ्यासकाला ती अत्यंत उपयुक्त ठरली. परंतु एखादा कागद दफ्तरात कोणत्या कागदाच्या शेजारी होता, हे छापील पानावरून कळत नाही. आजचा सामायिक फोल्डरही बहुधा विषयवारच लावलेला असतो, हे येथे ध्यानात ठेवावे.

याच्या उलट एक उदाहरण ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारात आढळते. १७८४ च्या कायद्याने लंडनमध्ये बोर्ड ऑफ कंट्रोल स्थापन झाले, आणि हिंदुस्थानात पाठवावयाच्या खलित्यांचे मसुदे त्याच्या संमतीसाठी जाऊ लागले. मसुद्याच्या पुष्ट्यर्थ हिंदुस्थानातून आलेल्या कागदांच्या नकला करून त्यांचा संग्रह सोबत दिला जाई. १७९६ ते १८५८ या काळातील असे संग्रह ‘बोर्ड्स कलेक्शन्स’ या नावाने इंडिया ऑफिसच्या दप्तरात जपले आहेत. येथेही सहपत्रे मूळ पत्रव्यवहारातून काढून एका निराळ्या मालिकेत ठेवली गेली. मात्र संग्रहांना क्रमांक दिले गेले, आणि ते कोणत्या मसुद्यासाठी तयार झाले याचा निर्देश राखला गेला. त्यामुळे त्या कागदांपासून खलित्यापर्यंत आजही माघारी जाता येते. सहपत्र वेगळे ठेवण्यात दोष नाही. दोष परतीचा धागा तोडण्यात आहे, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

अभिलेखशास्त्राने हाच अनुभव तत्त्वरूपाने मांडला. १८४१ मध्ये फ्रान्समधील शासकीय परिपत्रकाने असा दंडक घातला की, एका संस्थेचे कागद एकत्र ठेवावेत, दुसऱ्या संस्थेच्या कागदांत मिसळू नयेत. म्युलर, फाइट आणि फ्रुइन या तीन डच अभिलेखपालांनी १८९८ मध्ये, म्हणजे राजवाड्यांचा पहिला खंड निघाला त्याच वर्षी, आपला प्रसिद्ध मार्गदर्शक ग्रंथ लिहून दफ्तर हे एक सजीव, सेंद्रिय पूर्ण आहे असे प्रतिपादन केले. इंग्लंडमध्ये हिलरी जेन्किन्सन यांनी १९२२ च्या आपल्या ग्रंथात सहपत्राचा प्रश्न विनोदाने मांडला आहे. व्हाइसरॉयने विलायतेला मंत्र्याकडे एक हत्ती चिठ्ठी बांधून पाठविला, तर हत्ती चिठ्ठीला जोडलेला की चिठ्ठी हत्तीला? विनोदामागील आशय गंभीर आहे. वस्तू कितीही मोठी असली, तरी ती का आली हे सांगणारी चिठ्ठी हरवली की ती पुराव्याच्या दृष्टीने मुकी होते.

आता ई-मेलकडे वळू. १९८२ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या आर. एफ. सी. ८२१ व ८२२ या नियमपत्रांनी इंटरनेटवरील टपालाची पद्धती व संदेशाचे स्वरूप ठरविले. त्यांत केवळ सात बिटांच्या आस्की लिपिसंकेतातील साध्या मजकुराची कल्पना होती. चित्र, ध्वनी अथवा देवनागरी अक्षर यांना तीत स्थान नव्हते. १९८० मध्ये बर्कली येथे मेरी ॲन हॉर्टन यांनी ‘यूयूएन्कोड’ ही आज्ञावली लिहून कोणत्याही फाइलचे साध्या अक्षरांत रूपांतर करण्याची युक्ती उपलब्ध करून दिली होती. परंतु असा अक्षरसमूह पत्राच्या मजकुरातच घालून पाठवावा लागे. जून १९९२ मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी आर. एफ. सी. १३४१ द्वारे ‘माइम’ ही रचना मांडली. तीनुसार एकाच संदेशाचे सीमारेषांनी अनेक भाग पाडता येतात, आणि प्रत्येक भागाचा प्रकार सांगता येतो. ‘बेस-६४’ या पद्धतीत तीन बाइटांची चार अक्षरे होतात, म्हणून प्रवासात सहपत्राचा आकार सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो. याच रचनेने आस्कीबाहेरील लिप्यांनाही टपालाचा प्रमाणभूत मार्ग मोकळा करून दिला. ऑगस्ट १९९७ च्या आर. एफ. सी. २१८३ ने एखादा भाग मजकुरातच दाखवावा की सहपत्र म्हणून वेगळा द्यावा, आणि त्याचे सुचविलेले नाव कोणते, हे नोंदविण्याची सोय केली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात आर. एफ. सी. २२३१ ने देवनागरीसारख्या लिपीतील नावांची व्यवस्था लावली.

या इतिहासातून एक गोष्ट निष्पन्न होते. कागदी सहपत्र पत्राला टाचणीने जोडलेले असे. दोन्ही मुळात दोन कागदच होते. ई-मेलमधील सहपत्र मात्र संदेशाच्या आतच असते. पाठविणारा, घेणारा, दिनांक, संदेशाचा विशिष्ट क्रमांक आणि तो ज्या संदेशाचे उत्तर आहे त्याचा क्रमांक, या सर्व शीर्षनोंदी व सहपत्र मिळून एकच अखंड लेख बनतो. म्हणून सहपत्र काढून घेणे हे टाचणी काढण्यासारखे नसून पान कापून घेण्यासारखे आहे.

हे कापण्याचे काम यंत्राकडे सोपविण्याचा मार्गही टप्प्याटप्प्याने सिद्ध झाला. १९९० मध्ये स्टीफन व्हॅन डेन बर्ग यांनी ‘प्रॉकमेल’ ही आज्ञावली लिहिली. नियम ठरवून दिले की येणारे टपाल ती परस्पर छाटी आणि हवे तर दुसऱ्या आज्ञावलीच्या स्वाधीन करी. जानेवारी २००१ मध्ये ‘सीव्ह’ या टपाल-चाळणीच्या भाषेचे नियमपत्र निघाले. २०११ मध्ये सार्वजनिक झालेल्या ‘इफ धिस देन दॅट’ने आणि २०१६ मध्ये आलेल्या ‘मायक्रोसॉफ्ट फ्लो’ने (२०१९ पासून ‘पॉवर ऑटोमेट’) ही कामे आज्ञावली न लिहिता करण्याची सोय सामान्य कार्यालयाच्या आटोक्यात आणली. सूत्र एकच : संदेश आला, त्यात सहपत्र आहे, ते उलगडावे आणि ठरल्या फोल्डरमध्ये त्याच्या नावाने लिहावे. १९१९ च्या कारकुनाला जे काम दिवसभर पुरले असते ते आता क्षणात उरकते.

परंतु फोल्डरमध्ये उरते ते केवळ नाव. अनेकदा फाइलवरील दिनांकही ती साठविल्याचा असतो, पाठविल्याचा नव्हे. एकाच नावाच्या दोन फाइली आल्या तर योजनेनुसार एक दुसरीला पुसून टाकते किंवा तिच्यापुढे आकडा लागतो. कोणती सुधारित आणि कोणती रद्द, हे पत्रातच लिहिलेले होते. स्वाक्षरीखालील बोधचिन्हेही ‘इमेज००१’ अशा नावाने सहपत्रांत येऊन बसतात. नाव हा पुरावा मानणे किती धोक्याचे आहे हे मे २००० मधील ‘आय लव्ह यू’ विषाणूने दाखवून दिले. सहपत्राच्या नावाचा शेवटचा भाग विंडोजमध्ये सामान्यतः दिसत नसल्याने ते साधे मजकुराचे पान भासे. उघडल्यावर मात्र ते संगणकावरील आणि त्यास जोडलेल्या सामायिक साठ्यांवरील अनेक प्रकारच्या फाइली नष्ट करी.

खंडाचा प्रश्न त्याहून सूक्ष्म आहे. गूगलच्या नव्या नियमांमुळे मार्च २०१९ अखेर ‘इफ धिस देन दॅट’मधील जीमेलचे आगत संदेश टिपणारे दुवे बंद झाले. अशा दुव्यावर भरणारा फोल्डर त्या दिवशी थांबतो, पत्रव्यवहार मात्र चालूच राहतो. केवळ फोल्डर पाहणारा संशोधक त्या मौनाचा अर्थ काय लावील? दफ्तरातील खंड हा घटनांतील खंड समजण्याची चूक येथे सहज संभवते.

भारतीय कायद्याने या बाबीची दखल घेतली आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ नुसार, जेथे अभिलेख जतन करणे कायद्याने आवश्यक आहे तेथे इलेक्ट्रॉनिक अभिलेख तेव्हाच पुरेसा ठरतो, जेव्हा इतर अटींबरोबरच त्याचे उगमस्थान, गंतव्यस्थान आणि पाठविल्याचा वा मिळाल्याचा दिनांक व वेळ ओळखता येईल असा तपशील उपलब्ध असतो. कागदी कार्यालयात हेच काम आवक नोंदवही, म्हणजे बारनिशी, करीत असे.

यास्तव उपाय शोधण्यास दूर जावे लागत नाही. सहपत्र काढून घेतानाच संपूर्ण मूळ संदेशही त्याच ठिकाणी साठवावा. प्रत्येक सहपत्रामागे नोंदवहीत एक ओळ असावी : संदेशाचा क्रमांक, पाठविणारा, दिनांक, मूळ नाव आणि साठविलेले नाव. फाइलीत पुढे बदल झाला की नाही हे ताडण्यासाठी ‘एसएचए-२५६’सारखी अंकमुद्रा त्याच ओळीत नोंदवावी. जुनी फाइल नव्या फाइलीने पुसली जाऊ नये. योजना केव्हा सुरू झाली, कोणत्या नियमाने चालली आणि केव्हा बंद पडली, याचेही टिपण ठेवावे. जे यंत्र सहपत्र कापते त्याच यंत्राकडून यांतील बहुतेक कामे करून घेता येतात; त्यासाठी वेगळा कारकून लागत नाही.

आपल्या विभागांतही प्रबंधांचे मसुदे, हस्तलिखितांची छायाचित्रे आणि दफ्तरखान्यांची उत्तरे आता अशाच फोल्डरांत साठू लागली आहेत. राजवाड्यांच्या पिढीला विस्कटलेली दफ्तरे मिळाली, ती काळाने व उपेक्षेने विस्कटलेली होती. आपण मागे ठेवू ती दफ्तरे आपल्याच सोयीने विस्कटलेली असू नयेत, एवढी दक्षता इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी घ्यावयास हवी.