निर्दोष दुर्बीण का विकली जाते?

१८९४ साली येनाच्या झाइस कंपनीने प्रिझमची दुर्बीण बाजारात आणली. काठावरची सरळ रेघही सरळच दिसावी, हे पुढे दुर्बीण बनवणाऱ्यांचं स्वप्न झालं. पण अशी दुर्बीण आडवी फिरवली, की समोरचं दृश्य गोळ्यावरून घरंगळल्यासारखं वाटायचं. म्हणून १९४० च्या दशकाच्या अखेरीस झाइसने त्या रेघेला मुद्दाम थोडा बाक दिला!

२०१० नंतर काठापर्यंत सपाट दृश्य देणाऱ्या महागड्या दुर्बिणी गाजल्या आणि जुनं घरंगळणं परतलं. ते सगळ्यांना जाणवत नाही. ज्यांना जाणवतं, त्यांनाही दुकानात कळत नाही. उडत्या घारीमागे दुर्बीण फिरवताना कळतं. मग नवीकोरी दुर्बीण विकायला निघते. भिंगात खोट नसते, त्यामुळे गिऱ्हाईकही पटकन मिळतं.