पुन्हा एकदा हरिश्चंद्र

मराठी माणूस नवा सिनेमा पाहायला जातो तो मुख्यतः जुन्या सिनेमाची स्तुती करता यावी म्हणून. मध्यंतरापर्यंत तो कसाबसा दम धरतो. मग बटाटेवड्याच्या रांगेत उभा राहून पुढच्या अनोळखी इसमाला सांगतो, "छे हो! त्या जुन्याची सर नाही याला." तो इसमही याच वाक्याची वाट पाहत असल्यासारखा वळतो आणि दोघांची जन्मोजन्मीची ओळख निघते. आता मल्टिप्लेक्समधून बटाटेवडा गेला आणि त्याच्या कित्येक पट किमतीचे पॉपकॉर्न आले, पण ते वाक्य काही हललेले नाही.

मी सिनेमाचा जाणकार नाही. तिकीट काढावे, बसावे, आवडले तर घरी येऊन सांगावे आणि नाही आवडले तर जास्त वेळ सांगावे, एवढीच माझी योग्यता. पण अलीकडे मला वाटू लागले की आपण एकच सिनेमा पुन्हा पुन्हा पाहतो आहोत. 'डॉन' १९७८ साली आला, २००६ साली पुन्हा आला. 'अग्निपथ' १९९० साली म्हणावा तसा चालला नाही, म्हणूनच की काय २०१२ साली परत काढला. अत्र्यांची 'श्यामची आई' १९५३ सालची. ती २०२३ साली नव्याने आली आणि जगातले सगळे रंग हाताशी असताना काळ्यापांढऱ्या रंगात आली. टीव्हीवरही तेच. रामायण १९८७ साली झाले, २००८ साली झाले. महाभारत १९८८ साली सुरू झाले, २०१३ साली पुन्हा. पांडव बिचारे पंचवीस वर्षांनी परत जुगाराला बसले आणि परत हरले.

याला हल्ली 'रीबूट' म्हणतात. माझा भाचा संगणकाच्या धंद्यात आहे. त्याला अर्थ विचारला तर तो म्हणाला, "सोपं आहे मामा. पुढे काही सुचेनासं झालं की बंद करायचं आणि परत पहिल्यापासून चालू करायचं." निर्मात्यांच्या मनःस्थितीचे इतके नेमके वर्णन मी कुठल्या समीक्षकाच्या लेखातही वाचलेले नाही.

आता या प्रकाराबद्दल तक्रार करायची तर ती कुठून सुरू करायची हा प्रश्न येतो. २५ जानेवारी १९८७ ला, रविवारी सकाळी, रामानंद सागरांचे रामायण सुरू झाले तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. आमच्या वाड्यात टीव्ही एकच, आणि तो आमच्या खोलीत. दाराबाहेर चपलांचा ढीग इतका व्हायचा की भरताला एकच जोड पादुका न्यायला मिळाल्या याचे आम्हाला नवल वाटे. कुणी टीव्हीला हार घालायचे, कुणी उदबत्ती लावायचे. सगळे हात जोडून बसलेले असताना आई मात्र म्हणाली, "सीता म्हणजे शोभना समर्थ. ही आपली बरी आहे." आईने लहानपणी जत्रेतल्या तंबूत विजय भटांचे 'रामराज्य' पाहिले होते. तो चित्रपट १९४३ सालचा आणि राम होता प्रेम अदीब. हे ऐकून कोपऱ्यातून आजी म्हणाली, "तुमचे ते सगळे रंगवलेले गं. आमच्या हरदासबुवांचा राम! खांद्यावर उपरणं आणि हातात चिपळ्या, पण वनवासाला निघाला की आख्खं देऊळ रडायचं."

२००८ साली नवे रामायण सुरू झाले तेव्हा माझी मुलगी आठ वर्षांची होती. मी तिला बजावून सांगितले की राम म्हणजे अरुण गोविल. पुढे २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि दूरदर्शनने सागरांचे तेच रामायण पुन्हा दाखवायला काढले. मी अभिमानाने मुलीला शेजारी बसवले. पडद्यावर दोन बाण समोरासमोर निघाले. ते एकमेकांना भेटेपर्यंत तिचा चहा पिऊन झाला. मग ती शांतपणे म्हणाली, "छान आहे हो बाबा. पण आमच्या रामायणासारखं नाही."

त्या दिवशी मला एक नियम सापडला. अस्सल म्हणजे आपण आठव्या ते तेराव्या वर्षाच्या दरम्यान पाहिलेले; त्यानंतर आलेली ती नक्कल आणि त्याआधीचे ते जुनाट. हा नियम सिनेमाइतकाच आमटीला आणि मास्तरांनाही लागू पडतो.

पण नियम सापडला तरी खरे मूळ कुठे आहे हे पाहायला काय हरकत आहे? म्हणून मी रामाला बाजूला ठेवून हरिश्चंद्राला धरले. तो सत्यवचनी असल्याने फसवणार नाही अशी आशा होती.

मराठी बोलपटाची सुरुवात त्याच्यापासून होते. प्रभातचा 'अयोध्येचा राजा' १९३२ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. दिग्दर्शन शांतारामबापूंचे, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे आणि तारामती दुर्गाबाई खोटे. पण हे काही मूळ नव्हे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला होता. त्यात हरिश्चंद्र दत्तात्रय दाबके आणि तारामती... अण्णा साळुंके. पडद्यावर यायला बाई मिळेना, तेव्हा फाळक्यांनी उपाहारगृहात काम करणाऱ्या या गृहस्थांना लुगडे नेसवले. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये साळुंके राम झाले आणि सीताही तेच झाले. म्हणजे रामाने सीतेच्या विरहात शोक केला तेव्हा तो आपल्याच विरहात केला. संसारात इतकी एकवाक्यता पुन्हा कुठे दिसायची नाही.

तर मूळ सापडले म्हणावे, तो इथेच गंमत आहे. १९१७ साली फाळक्यांनी आपला हरिश्चंद्र स्वतःच पुन्हा काढला. भारतीय सिनेमा चार वर्षांचा झाला नाही तोच त्याला रिमेकची लागण झाली, आणि तीही जन्मदात्याकडून. आज १९१३ च्या चित्रपटाची म्हणून पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळे पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात आहेत, आणि काही अभ्यासकांचे म्हणणे असे की तीसुद्धा १९१७ सालचीच आहेत. म्हणजे आद्य म्हणून आपण ज्याला हार घालतो, तो रिमेक असण्याचा संभव आहे! तो नसता, तर कदाचित हार घालायला काहीच उरले नसते.

आणि फाळक्यांना तरी हे सुचले कसे? मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. 'हे आपल्याकडचे का नसावे?' या एका प्रश्नातून आपला सिनेमा निघाला. पडद्यावर दुसऱ्यांची गोष्ट चालू असताना मनात आपली काढणे हा उद्योग तेव्हापासूनचा आहे.

बरे, सिनेमा सोडा, पोथीकडे चला. राज्य दान देणारा, काशीला बायको-मुलाला विकणारा आणि स्मशानात राबणारा आपला हरिश्चंद्र मार्कंडेय पुराणात भेटतो. पण त्याच्याही आधीचा हरिश्चंद्र ऐतरेय ब्राह्मणात आहे, आणि तो भलताच निघतो. त्याला मूल नसते. तो वरुणाला म्हणतो, "मुलगा दे, तुलाच अर्पण करीन." मुलगा होतो. वरुण वसुलीला येतो. राजा म्हणतो, दहा दिवस तरी होऊ द्या. मग म्हणतो, दात येऊ द्या. मग दात पडू द्या, मग नवे येऊ द्या, मग हातात शस्त्र धरण्याइतका मोठा होऊ द्या. शेवटी पोरगा रानात पळून जातो, राजाचे पोट फुगते, आणि शंभर गाई मोजून एका गरीब ब्राह्मणाचा मुलगा, शुनःशेप, बदली म्हणून विकत घेतला जातो.

म्हणजे सत्यवचनी राजाची ही आपल्या हाती असलेली सर्वांत जुनी आवृत्ती पुढच्या हप्त्याची तारीख मागणाऱ्या कर्जदाराची आहे. कुणा पुराणकाराने ती घेतली आणि पार उलटी केली. त्या काळी मध्यंतर असते तर तिथेही कुणीतरी शेजाऱ्याला म्हणालाच असता, "छे हो! त्या जुन्या हरिश्चंद्राची सर नाही याला." आणि तरी गांधीजींना लहानपणी ज्या हरिश्चंद्राच्या नाटकाने वेड लावले तो हा नवाच हरिश्चंद्र होता. शब्द टाळणाऱ्या राजाने ते काम झाले नसते.

मग जे जे पुन्हा निघते ते सगळे गोड मानायचे का? मुळीच नाही. हरदासबुवांनी राम हजार वेळा वनवासाला पाठवला, पण दर वेळी समोर बसलेल्या माणसांचे काहीतरी त्यात घातले. प्रश्न असा की, पुन्हा सांगणाऱ्याने काय घातले आणि काय काढून टाकले.

मेहबूबखानांनी १९४० साली 'औरत' काढला आणि तोच १९५७ साली 'मदर इंडिया' म्हणून पुन्हा काढला. सरदार अख्तरच्या जागी नर्गिस आली, काळ्यापांढऱ्याच्या जागी रंग आले, पण सावकार सुखीलाला दोन्हींत कन्हैयालालच. मधल्या सतरा वर्षांत देश स्वतंत्र झाला, सावकार मात्र तोच राहिला. हे मेहबूबखानांनी मुद्दाम केले की योगायोगाने झाले, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. त्या एका माणसाने पुन्हा तीच चोपडी उघडली की रिमेकचा अर्थ कळतो.

देवदासचे पाहा. १९३५ साली सैगलचा हिंदी देवदास झाला तेव्हा कॅमेऱ्यामागे बिमल रॉय होते. वीस वर्षे ती गोष्ट मनात बाळगून १९५५ साली त्यांनी दिलीपकुमारला घेऊन ती स्वतः सांगितली. २००२ च्या देवदासमध्ये झुंबरे इतकी की देवदासाला दुःखापेक्षा विजेच्या बिलानेच प्यायला लावले असावे. शरदबाबूंनी ज्या पारो आणि चंद्रमुखीची गाठ घातली नव्हती, त्या तिथे एकत्र नाचतात, आणि नाचतात मात्र सुरेख. यात घातले पुष्कळ, पण बहुतेक भिंतीला.

आणि 'सैराट'. २०१६ साली नागराज मंजुळ्यांनी करमाळ्याकडच्या उन्हाधुळीत ती दोन पोरे पळवली, तेव्हा ती कशापासून पळताहेत हे थिएटरात सर्वांना कळत होते. शेवटी बाहेर पडताना कुणी कुणाशी बोलले नाही. मराठी माणसाला ते वाक्यसुद्धा सुचले नाही. दोन वर्षांनी हिंदीत 'धडक' आला. गोष्ट उदयपूरला गेली, तळी आली, राजवाडे आले, काही गाणी तीच आली. फक्त जात, जिच्यापायी हे सारे घडते, ती तोंडी लावण्यापुरती उरली. हरिश्चंद्राच्या गोष्टीतून सत्य काढले तर उरते ती घर विकून काशीला गेलेल्या एका कुटुंबाची प्रवासहकीकत.

म्हणून आता 'मूळ कुठले' ही चौकशी मी सोडून दिली आहे. ती करत गेले की शेवटी वरुणाच्या दारात जाऊन उभे राहावे लागते. मी फक्त तारामतीकडे पाहतो. १९१३ साली ती लुगडे नेसलेला पुरुष होती आणि मुकी होती. १९३२ साली तीच गोष्ट पुन्हा निघाली तेव्हा ती बाई झाली, बोलू लागली आणि गाऊही लागली. एकोणीस वर्षांत एवढे मिळत असेल, तर त्या राजाला आणखी दहा वेळा स्मशानात राबवायला माझी काही हरकत नाही.