मोटारीचा उच्छ्वास

अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावाचे पाणी बांधीव नळातून शनिवारवाड्यापर्यंत नेले गेले. या नळावर जागोजागी उच्छ्वास बांधलेले होते. प्रवाहाला मोकळी वाट हवी, ही जाण त्यामागे होती. कात्रजचाच घाट चढणाऱ्या छोट्या मोटारीचे दुखणेही मला याच जातीचे वाटते.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती आली. इंजिन तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे. चार माणसे आणि सामान घेऊन चढ आला, की ते धापा टाकी. मग हौशी मंडळी मूळचा ओतीव लोखंडी मॅनिफोल्ड काढून हेडर बसवण्याचा विचार करीत.

हेडर म्हणजे प्रत्येक सिलिंडरची स्वतंत्र, शक्यतो समान लांबीची नळी. पुढे या सगळ्या नळ्या एकत्र येतात. धुराचा लोट वेगाने निसटला, की त्याच्यामागे दाब कमी होतो आणि सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढला जातो. तीन सिलिंडरमध्ये हे लोट २४० अंशांच्या अंतराने येतात. फारसे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. म्हणून तीन नळ्यांची एक केली तरी भागते. चार सिलिंडरमध्ये अंतर १८० अंशांचे; तिथे चाराच्या दोन आणि दोनाची एक अशी जुळणी अनेकदा करतात.

नळी जितकी रुंद तितकी ताकद जास्त, हा समज मात्र फसवा आहे. फार रुंद नळीत धुराचा वेग मंदावतो. शर्यतीच्या चढ्या फेऱ्यांना ती उपयोगी पडेल. पण घाटात ओढ लागते ती कमी फेऱ्यांवर, आणि तीच हरवते. उरतो तो आवाज.

एप्रिल १९९५पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. तो लवकर तापावा म्हणून पुढे इंजिनाच्या जवळ सरकला आणि लांब नळ्यांची जागा गेली. २०१३मध्ये भारतात आलेल्या फोर्ड इकोस्पोर्टच्या एक लिटर इंजिनात तर मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला होता. निवडायला हेडर उरलाच नाही.

जुन्या गाडीत अजून निवड शक्य असली, तरी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कारखान्याच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. माझ्या मते हे योग्यच आहे. गाडीचा उच्छ्वास तोच रस्त्यावरच्या माणसाचा श्वास असतो.